सायप्रसमध्ये 'पलीकडे' जाताना या चुका टाळा

सायप्रसची राजधानी निकोसिया. तिथल्या लेड्रा स्ट्रीटवर कपड्यांची दुकानं, आइस्क्रीमवाले, कॉफी असं बघत रमतगमत चाललात, की भर रस्त्यात पासपोर्टची खिडकी लागते. तिथे पासपोर्ट दाखवायचा, मधली थोडी मोकळी जागा ओलांडायची आणि पुढच्या खिडकीत परत दाखवायचा. पलीकडे पाट्या तुर्की, नोटा लिराच्या. गर्दी नसेल तर पाच-दहा मिनिटांत सगळं उरकतं. म्हणूनच लोक गाफील राहतात.

१९७४ मध्ये हे बेट दुभंगलं, दक्षिणेत ग्रीक भाषिक आणि उत्तरेत तुर्की भाषिक. मधली सुमारे १८० किलोमीटरची 'ग्रीन लाइन' सामान्य माणसांना ओलांडता यायला २००३ साल उजाडलं, आणि लेड्रा स्ट्रीटची वाट तर २००८ मध्ये उघडली. दक्षिणेतल्या सायप्रस सरकारच्या लेखी ही सीमा नाहीच. सगळं बेट आपलंच, उत्तर भाग फक्त ताब्यात नाही. उत्तरेच्या 'राष्ट्रा'ला तुर्कस्तान सोडून कोणी मानत नाही, भारतही नाही. पण उत्तरेच्या खिडकीतला माणूस ही सीमाच आहे असं धरून काम करतो. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक घरी बसूनच होते. इस्तंबूलमार्गे स्वस्त तिकीट दिसतं, विमान उतरणार एर्जानला, आणि आपण खूश! एर्जान उत्तरेत आहे आणि दक्षिणेच्या मते तिथून बेटावर येणंच बेकायदा. युरोपीय पासपोर्टवाल्यांना सहसा पुढे जाऊ देतात. भारतीय पासपोर्ट असेल तर खिडकीवरूनच परत पाठवू शकतात. दोन्ही बाजू बघायच्या असतील तर सायप्रसचा चालणारा व्हिसा घेऊन दक्षिणेतल्या लार्नाका किंवा पाफोसच्या विमानतळावर उतरा. उत्तरेचा व्हिसा दक्षिणेत चालत नाही. मुलांना उत्तरेतल्या कॉलेजात पाठवणाऱ्या पालकांनी तर हे आधीच समजून घ्यावं, कारण भारताचं उच्चायुक्तालय दक्षिण निकोसियात आहे (रस्त्याचं नाव इंदिरा गांधी!). अडचणीच्या वेळी नेमकं तिथेच पोचता येत नाही.

दुसरा घोळ गाडीचा. लेड्रा स्ट्रीट आणि लेड्रा पॅलेस ही दोन्ही नाकी पायी जाणाऱ्यांसाठी आहेत. निकोसियातून गाडी न्यायची तर आयोस दोमेतियोसला जा. तुर्की पाटीवर त्याला मेतेहान म्हणतात. भाड्याची गाडी पलीकडे न्यायला कंपनीची परवानगी लागते, ती लेखी घ्या. दक्षिणेतला विमा उत्तरेत चालत नाही, तो नाक्यावरच्या टपरीत वेगळा काढावा लागतो. आमची इथेच फसगत झाली. पावती हातात पडल्यावर निर्धास्त होतो, पण तो निव्वळ थर्ड पार्टी. किरेनियाच्या बंदराजवळच्या बोळात भिंतीला आरसा घासला, त्याचे पैसे शेवटी आमच्याच खिशातून गेले. बरं, 'किरेनिया' अशी पाटी शोधत बसू नका. उत्तरेत ते गिर्ने, फामागुस्ता ते गाझीमाउसा आणि निकोसिया ते लेफ्कोशा. ही तीन नावं कागदावर लिहून गाडीत ठेवा. गाडी मात्र दोन्हीकडे आपल्यासारखी डावीकडूनच.

फोनचं 'युरोप' पॅक उत्तरेत धरून चालू नका, तिथे तुर्की नेटवर्क लागतं. रेषेजवळच्या हॉटेलात तर आपण न ओलांडताच फोन ओलांडून जातो, तेव्हा डेटा रोमिंग बंद ठेवा.

सैनिक, चौक्या, काटेरी तारा यांचे फोटो नकोत. फामागुस्तातल्या वारोशा या १९७४ पासून ओस पडलेल्या भागातले काही रस्ते २०२० पासून खुले केलेत, पण दोरीपलीकडच्या पडक्या इमारतींत शिरू नका.

दक्षिणेत परतताना सामान तपासतात. ४० सिगारेटी, म्हणजे दोन पाकिटं, एक लिटर दारू आणि बाकी वस्तू २६० युरोपर्यंत, एवढंच चालतं. बाजारातलं चीज तिथेच खाऊन संपवा. दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ब्रँडच्या नकली पिशव्याही जप्त होऊ शकतात.

आणि पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून झेरॉक्स घेऊन फिरायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. नुसतं पलीकडे जाऊन कॉफी पिऊन यायचं असलं, तरी खिडकीत मूळ पासपोर्टच लागतो.