शिल्लक पडलेली महागडी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला जाताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून अशी, डीलरकडे न विकता पडून राहिलेली, गाडी बघायची तर घाटावर कोल्हापूर-पुण्याला नाहीतर खाली गोव्यात जावं लागतं. म्हणून निम्मं काम घरूनच उरका. आधार, पॅन, चेकबुक घ्यालच.

फोनवर आधी चॅसिस नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष मागा. ‘मॉडेल नवीनच आहे साहेब’ हे उत्तर नव्हे. आरसीवर बनल्याचा महिना छापून येतो आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक आधी तोच बघतं.

आता वॉरंटी. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं, म्हणून नीट वाचा. गाडी जिच्यावर धावते त्या मोठ्या बॅटरीला बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, पण ती मोजायची कुठल्या तारखेपासून? गाडी डेमोसाठी डीलरने स्वतःच्या नावावर नोंदवली असेल तर वर्षं तेव्हापासूनच सरायला लागलेली असतात, वर आरसीवर तुम्ही दुसरे मालक. तेव्हा वॉरंटी सुरू होण्याची तारीख चॅसिस नंबरासह, डीलरच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्या. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर नको.

गाडी दिवसाउजेडी बघा. टायरवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. एका जागी उभी राहिलेली गाडी टायर चपटे करते, बारा व्होल्टची छोटी बॅटरी मारते. छोटी बॅटरी नवी मागा. यार्डात पावसाळा काढलेला असेल तर मॅट उचलून वास घ्या. ब्रेकच्या डिस्कवरचा हलका गंज चालवल्यावर जातो, खड्डे पडलेला जात नाही. मोठी बॅटरीही नुसती उभ्या उभ्या म्हातारी होते, उन्हात पूर्ण चार्ज करून ठेवली तर आणखी लवकर. तिच्या तब्येतीचा रिपोर्ट मागा आणि एसी (घरचं, सावकाश) आणि डीसी (स्टेशनवरचं, झटपट) दोन्ही चार्जिंग समोर करून दाखवायला लावा.

किमतीची घासाघीस करताना धरायला एखादा आकडा हवा. विम्यात सहा महिने ते वर्षभराच्या गाडीला १५ टक्के आणि एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा धरतात. ताज्या गाडीवर आज जी सूट मिळते ती आधी वजा करा, मग हा घसारा, आणि तो आकडा सांगून गप्प बसा. उभ्या गाडीवर डीलरचं व्याज चढत असतं, घाई त्याला आहे. गणपतीला गाडी दारात हवी हे चुकूनही बोलू नका. उलट पितृपक्षात जा. शोरूम ओस असतात. मुहूर्त पाळणारे असाल तर बोलणी तेव्हा करा, गाडी दसऱ्याला आणा.

सूट बिलावरच्या एक्स-शोरूम किमतीतच हवी. कोटिंग नि ॲक्सेसरीज म्हणजे सूट नव्हे. जीएसटी ५ टक्के. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने विकतानाच घेतलेला आयकर, लागतो, तो आयकर रिटर्न भरताना वळता होतो. हँडलिंग चार्जेस काटा. विम्याचं कोटेशन बाहेरूनही आणा. आणि वॉरंटीच्या तारखेचं पत्र मिळेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.

घरी महावितरणचा लोड वाढवून ठेवा. अर्थिंग तपासाच: जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंग कमजोर पडतं आणि चार्जर चार्ज करायलाच नकार देतो. वाडीतल्या रस्त्यावर गाडीचं पोट घासेल का, तेही बघा.

बाकी दुसरी किल्ली, चार्जिंग केबल, फास्टॅग. गोव्यातून घेतलीत तर तात्पुरता नंबर, नोंदणी आपल्या आरटीओत. उरलेले पैसे भरण्याआधी पत्रावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा.