जमिनीखालून येणारे शत्रू: परसातल्या कोंबड्या राखताना या चुका टाळा

परसात कोंबड्या पाळणारी घरे खुराड्याच्या दाराला कडी, साखळी आणि प्रसंगी कुलूपही लावतात; मात्र खुराडे ज्या जमिनीवर उभे आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घूस, मुंगूस, कोल्हा आणि मोकाट कुत्रा हे प्राणी दाराशी झटापट करत बसत नाहीत. ते भिंतीच्या बुडाशी माती उकरतात आणि त्यांनी केलेल्या वाटेने पुढे सापही आत शिरतो. दहा-बारा गावठी कोंबड्यांवर घरातला किरकोळ खर्च भागवणाऱ्या बाईच्या दृष्टीने हे नुकसान मोठे असते, कारण खुडूक बसलेली एक कोंबडी गेली की तिच्याखालची अंडीही वाया जातात आणि पुढच्या हंगामातल्या तलंगाही (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) हातच्या जातात. हे नुकसान बव्हंशी टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी खर्चापेक्षा योग्य ठिकाणी लक्ष देण्याची गरज अधिक आहे.

शत्रू न ओळखताच बंदोबस्त करणे

सकाळी कोंबडी मेलेली दिसली की आपण हळहळत अंगण झाडून घेतो, सडा घालतो, आणि त्याबरोबर सगळा पुरावा पुसून टाकतो. झाडू हातात घेण्यापूर्वी खुराड्याभोवती एक फेरी मारावी आणि उजेडात जमीन नीट न्याहाळावी. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा उकीर साचला असेल आणि रात्रीतून पिल्ले मागमूस न ठेवता नाहीशी झाली असतील, तर ते काम बहुधा घुशीचे असते. ती पिल्लू ओढून बिळात नेते आणि बसल्या जागी असलेल्या मोठ्या कोंबडीच्या पायांनाही चावे घेते. मान किंवा डोके फोडलेले असून बाकीचे अंग तसेच पडलेले असेल आणि हा प्रकार दिवसाढवळ्या घडला असेल, तर मुंगसाचा संशय घ्यावा. कोल्हा कोंबडी जागेवर खात बसत नाही. तो ती उचलून नेतो आणि पिसांची वाट शेताच्या बांधाकडे किंवा झुडपांकडे जाताना दिसते. कुत्र्यांच्या हल्ल्यात पाच-सहा कोंबड्या फाडून इतस्ततः टाकलेल्या आढळतात, त्यांतील फारच थोड्या खाल्लेल्या असतात, आणि उकरलेला खड्डा रुंद व ओबडधोबड असतो. अंडी कवचासकट गायब झाली असतील, तर साप आत येऊन गेला असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. रानमांजर आणि उदमांजर बहुधा छपराकडून उतरतात; त्यांच्यासाठी जमीन कितीही पक्की केली, तरी उपयोग होत नाही.

खूण स्पष्ट नसल्यास संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीतल्या चाळलेल्या राखेचा हातभर रुंद पट्टा पसरून ठेवावा. कुत्रा आणि कोल्हा यांच्या पावलात चार बोटे व नखांचे ठसे उमटतात, मांजराच्या पावलात नखे दिसत नाहीत, तर मुंगसाच्या पावलात पाच बोटे आणि पुढे लांब नखांच्या खुणा असतात. पावसाळ्यात राख टिकत नाही, तेव्हा छपराच्या वळचणीखाली, कोरड्या जागेतल्या बारीक मातीवर ठसे पाहावेत.

कोंबडीसाठीची जाळी शत्रूसाठी पुरेशी समजणे

बाजारात मिळणारी षट्कोनी छिद्रांची पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी बनवलेली असते. कुत्रा ती दातांनी ओढून फाडतो, आणि मोठ्या छिद्रांतून घुशीची पिल्ले, उंदीर व लहान साप सहज आत येतात. खुराड्याच्या खालच्या दोन ते अडीच फूट भागाला तरी अर्धा इंच छिद्रांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी लावावी. वरच्या भागाला जुनी जाळी राहिली तरी चालते. पैसे कमी असल्यास ते याच खालच्या पट्ट्यावर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. जाळी खिळा अर्धवट ठोकून वाकवण्याऐवजी लाकडी पट्टीखाली दाबून बसवावी, कारण वाकवलेला खिळा दोन-चार ओढींतच सुटतो. उंबरठ्याकडेही पाहावे: दार आणि जमीन यांच्यात बोट जाईल एवढी फट असली, तरी उंदराला ती पुरते आणि घूस ती कुरतडून मोठी करते. लाकडी उंबरठ्याला बाहेरून पत्र्याची पट्टी ठोकल्यास ही वाट बंद होते.

जाळी जमिनीच्या पातळीवरच संपवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, आणि तिचा उपाय समजून घेण्यासाठी उकरणारा प्राणी काय करतो हे पाहिले पाहिजे. त्याचे नाक जिथे भिंतीला किंवा जाळीला टेकते, तिथेच तो खालची माती उकरू लागतो. दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा, अशी युक्ती तो सहसा करत नाही. म्हणून जाळी जमिनीत खोल पुरण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला आडवी पसरणे अधिक सोपे आणि अधिक परिणामकारक ठरते.

तीन फूट रुंदीची वेल्डेड जाळी घेऊन ती काटकोनात वाकवावी, म्हणजे एक फूट भाग भिंतीला उभा लागेल आणि दोन फूट भाग जमिनीवर बाहेर पसरेल. त्या दोन फुटांत तीन इंच माती काढून जाळी सपाट बसवावी, वर माती आणि दगड टाकून धुमसून घ्यावी. पहिल्या पावसानंतर गवत उगवते, त्याच्या मुळांनी जाळी जमिनीशी घट्ट धरली जाते, आणि उकरणाऱ्याच्या नखांना जागोजागी तार लागल्याने तो काम सोडून देतो. दोन तुकड्यांच्या सांध्यावर निदान अर्धा फूट जाळी एकमेकींवर चढवावी आणि बांधणीच्या तारेने वीतभर अंतरावर गाठी माराव्यात. कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. दोन बाजूंची जाळी वाकवून बसवली की कोपऱ्याबाहेर एक चौकोन उघडा राहतो, आणि तो दिसत नसल्याने बहुतेकांकडून राहून जातो. त्यावर दोन फुटांचा स्वतंत्र तुकडा बसवून तो दोन्हीकडे तारेने शिवावा.

ज्यांना उभा अडथळाच हवा आहे, त्यांनी दीड ते दोन फूट खोल चर खणून त्यात शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावावेत. कोकणात जांभा लागत असल्याने एवढा खोल चर खणणे कष्टाचे होते. काळ्या जमिनीत वेगळीच अडचण येते: उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि या हालचालीत फरश्या तिरक्या होऊन मधे फटी पडतात. अशा ठिकाणी आडवी जाळीच बरी, कारण ती जमिनीबरोबर वरखाली होते. सिमेंट न लावता नुसते चिरे रचलेल्या भिंतीच्या फटी मात्र आधी भरून घेतल्याच पाहिजेत, अन्यथा बाहेरची जाळी कितीही चांगली बसवली तरी घूस भिंतीतूनच येते.

सारवलेल्या जमिनीवर भिस्त ठेवणे

शेणामातीची जमीन कोंबड्यांना उबदार असते, पण घुशीला ती मुळीच अडवत नाही. मुरूम धुमसून त्यावर तीन ते चार इंचांचा कोबा (काँक्रीटचा थर) करावा. तो शक्य नसल्यास अर्धा इंच छिद्रांची जाळी अंथरून तिच्यावर सहा इंच माती आणि भुसा पसरावा, म्हणजे कोंबड्यांना उकरण्याचे सुखही मिळते आणि खालून येणारी वाटही बंद होते. कोबा केला म्हणून कडेची आडवी जाळी टाळू नये. घुशी काँक्रीटच्या कडेखाली आनंदाने बीळ करतात, खालची माती पोकळ झाली की कोबा बसतो, आणि पडलेल्या भेगेतून त्या वर येतात.

खुराडे जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, खांबांवर उभारल्यास उकरण्याचा प्रश्नच बऱ्याच अंशी उरत नाही, आणि धो धो पावसाच्या प्रदेशात ओलीचा त्रासही कमी होतो. मात्र खांबांना पत्रा गुंडाळावा, आणि खालच्या मोकळ्या जागेत सरपण, गोण्या किंवा जुनी कौले रचून ठेवू नयेत, कारण तिथे घुशी आणि साप दोघांनाही आसरा मिळतो. गिरिराज, वनराज अशा जड जातींसाठी उंच खुराड्याला रुंद आणि कमी उताराची फळी लावावी. गावठी कोंबडी जशी उडून वर बसते, तशा त्या बसत नाहीत.

बीळ दिसले की दगड कोंबून मोकळे होणे

एका घुशीच्या बिळाला अनेक तोंडे असतात, त्यामुळे एक बंद केले की दुसरे उघडते. आधी संध्याकाळी प्रत्येक तोंडात वाळलेल्या गवताचा सैल बोळा ठेवावा आणि सकाळी कोणता बोळा बाहेर ढकलला गेला ते पाहावे. वापरातली तोंडे अशी कळतात. त्यानंतर ती खोलवर उकरून खडी व सिमेंटने भरावीत. काचेचे तुकडे टाकण्याची पद्धत जुनी आहे, पण ते सिमेंटखाली पूर्ण गाडले गेले नाहीत तर कोंबड्याच ते उकरून वर काढतात. बिळात हात कधीही घालू नये. सोडलेल्या बिळात नाग किंवा धामण असू शकते, आणि साप दिसल्यास गावातल्या सर्पमित्राला बोलावणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पावसाळ्यात हे काम करताना हातमोजे आणि गमबूट घालावेत, कारण उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो.

विष, वीज आणि वासाचे उपाय

झिंक फॉस्फाइड या उंदीर मारण्याच्या विषाचे आमिष अंगणात ठेवले, तर ते सर्वांत आधी कोंबड्याच टिपण्याची भीती असते. शिवाय शेजाऱ्याचे कुत्रे, मांजर आणि लहान मूल यांनाही त्याचा धोका असतो. मुंगूस, कोल्हा आणि घोरपड यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, म्हणून त्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा ठरतो. मुंगूस हाच घुशी आणि साप खाणारा प्राणी आहे, हेही विसरू नये; त्याला खुराड्याबाहेर ठेवले, तर तो आपल्या उपयोगाचाच आहे. कुंपणात घरातली वीज थेट सोडण्याने माणसे दगावली आहेत, त्यामुळे तो विचार मनातही आणू नये. डांबरगोळ्या आणि फिनेल यांच्या वासाने ना साप दूर राहतो, ना घूस. डांबरगोळी टिपली गेल्यास कोंबडीला विषबाधा मात्र होऊ शकते.

आमंत्रण देणारे अन्न

घूस मुळात कोंबडीसाठी येत नाही. ती सांडलेल्या दाण्यासाठी येते, तिथेच बीळ करते, आणि मग पिल्ले तिच्या समोर असतात. दाणा संध्याकाळी संपेल एवढाच टाकावा, भांडे उचलून ठेवावे, खाद्याची गोणी पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकल्यास कोल्हा आणि कुत्री त्या जागेची सवय लावून घेतात. ती दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि वर जड दगड ठेवावा.

केवळ रात्रीची काळजी घेणे

मुंगूस दिवसा हिंडते. म्हणून पिल्ले असलेली कोंबडी दिवसाही डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवावी लागते, आणि डालग्यावर दगड ठेवला तरी मऊ जमिनीवर त्याची कड उकरली जाते. डालगे फरशीवर किंवा कोब्यावर ठेवल्यास ही अडचण येत नाही.

सगळे करूनही हल्ला होत असेल तर

ताजी माती खुराड्याच्या आत दिसत असेल, तर बीळ भिंतीबाहेरून आलेले नसून आधीपासून जमिनीखाली आहे, आणि जाळी बसवताना ते आत कोंडले गेले आहे, असे समजावे. अशा वेळी कोंबड्या दोन-तीन दिवस दुसरीकडे हलवून जमीन पूर्ण उकरून घ्यावी. माती कोठेच नसेल आणि तरीही पिल्ले जात असतील, तर छपराची कड, कौलांखालची पोकळी आणि दाराची वरची फट तपासावी. आडवी जाळी एका जागी वर उचललेली दिसली, तर तिथला सांधा सुटलेला असतो किंवा गंजलेला असतो. खत आणि ओल यांच्या संगतीने जस्ताचा मुलामा लवकर जातो, समुद्राजवळ तर आणखी लवकर, त्यामुळे मे महिन्यात पावसापूर्वी आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास कडेकडेने चालत जाळी पायाने दाबून पाहावी. जिथे ती कुरकुरते किंवा तुटते, तेवढाच तुकडा कापून नवा शिवावा. हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीच्या जखमा मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन तिला इतरांपासून वेगळे ठेवावे, कारण रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचा मारतात. आणि जखम खोल असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.