जुनं सामान ऑनलाइन विकायचंय? आधी घेणाऱ्याच्या जागी बसून बघा

माझं स्टडी टेबल तीन आठवडे मार्केटप्लेसवर नुसतं पडून होतं. जाहिरातीत मी लिहिलं होतं, "स्टडी टेबल, चांगल्या कंडिशनमध्ये, कमी वापरलेलं, इच्छुकांनी मेसेज करा", आणि सोबत एकच फोटो, तोही रात्री ट्यूबलाइटमध्ये काढलेला, टेबलावर चार्जर, पुस्तकं, पाण्याची बाटली सगळं तसंच. मेसेज यायचे, नाही असं नाही, पण सगळ्यांचे प्रश्न तेच, साइज काय, लाकडी आहे का, लास्ट किती, आणि मी उत्तर देईपर्यंत समोरचा गायब. शेवटी वैतागून ती जाहिरात काढली आणि नव्याने लिहिली: "प्लायवूडचं स्टडी टेबल, १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, ७५ सेंमी उंच. दोन ड्रॉवर, डावीकडचा अडकतो, जरा वर उचलून ओढला की उघडतो. उजव्या कोपऱ्यात गरम कपाचा गोल डाग आहे, चौथा फोटो बघा. पाय स्क्रूने सुटतात. दुसऱ्या मजल्यावरून न्यायचंय, लिफ्ट नाही." किंमत तीच ठेवली. दोन दिवसांत गेलं. न्यायला आला त्याने काही विचारलंच नाही, फक्त तो डाग बोटाने घासून बघितला, "हाच ना फोटोतला?" म्हणाला आणि खाली बसून पाय सोडायला लागला.

तेव्हापासून माझं एकच धोरण आहे, घेणारा जे जे विचारणार ते सगळं जाहिरातीतच लिहून टाकायचं. कारण तो एकाच वेळी दहा जाहिराती बघत असतो, तुम्हाला विचारून उत्तराची वाट बघण्यापेक्षा त्याला पुढच्या जाहिरातीवर जाणं सोपं.

फोटोपासून सुरू करा. वस्तू आधी पुसा, खरंच पुसा, कारण डोळ्याला न दिसणारी धूळ फोटोत हमखास दिसते. मग दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, आणि मोबाइलची लेन्स कपड्याने पुसून (हे कोणी करत नाही आणि मग सगळे फोटो धुरकट येतात). मागची भिंत मोकळी ठेवा. एक फोटो पूर्ण वस्तूचा समोरून, एक बाजूने, एक मागून, एक उघडून आतला, आणि जिथे ओरखडा, टवका, डाग असेल तिथला अगदी जवळून. विजेची वस्तू असेल तर मागच्या किंवा खालच्या स्टिकरचा फोटो टाका, त्यावर मॉडेल नंबर आणि किती वॅट ते असतं, त्यामुळे घेणारा स्वतःच सर्च करून नवीन कितीला आहे ते बघतो आणि तुमचं समजावणं वाचतं. फक्त सिरीयल नंबर झाका. चालू अवस्थेतला फोटो पण हवा, दिवा पेटलेला, स्क्रीन लागलेली. कंपनीच्या वेबसाइटवरचा चकचकीत फोटो उचलून टाकू नका, बघणाऱ्याला पहिली शंका हीच येते की वस्तू खरी याच्याकडे आहे का. आणि आरसा किंवा काचेचं कपाट विकत असाल तर जरा तिरके उभे राहा, मी एकदा आरशाच्या फोटोत स्वतः गाऊनमध्ये झळकले होते आणि ते माझ्याआधी भावाला दिसलं.

दोष लिहिले तर कोण घेणार, असं वाटतं खरं. पण ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट १९९५ साली सुरू झाली तेव्हा तिच्या संस्थापकाने, पिएर ओमिडियारने, स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर विकायला ठेवला होता, बिघडलाय हे सांगूनच, आणि तो विकला गेला, घेणाऱ्याला बिघडलेलेच पॉइंटर गोळा करायचे होते. दरवेळी असं गिऱ्हाईक भेटणार नाही हे मान्य. पण आधी सांगितलेला दोष दारात घासाघीस करायला वापरता येत नाही, लपवलेला सापडला की माणूस किंमत अर्ध्यावर आणतो, आणि वर त्याला तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही भरवसा राहत नाही.

टायटलमध्ये "सुंदर", "अर्जंट", "बघाच एकदा" वगैरे नको. लोक सर्चमध्ये जे टाइप करतात तेच लिहा, कंपनी, वस्तू, माप, रंग. सोफा म्हणणारे असतात तसे कोच म्हणणारेही असतात, तर दुसरा शब्द खाली वर्णनात येऊ द्या. मापं टेपने घ्या, अंदाजाने नको. मोठ्या कपाटाचं तर माप नुसतं देऊन भागत नाही, अखंड दारातून निघतं की सोडावं लागतं तेही लिहा, नाहीतर माणूस टेम्पो घेऊन येतो, कपाट जिन्याच्या वळणावर अडकतं आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे.

आता किंमत, सगळ्यात जास्त आपण इथेच चुकतो. आपला तो बाब्या! १९९० साली कानेमान, नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी कॉफी मगचे प्रयोग छापले होते, वर्गातल्या अर्ध्या मुलांना मग दिले आणि विचारलं कितीला विकाल, बाकीच्यांना विचारलं कितीला घ्याल, तर विकणाऱ्यांची किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली, आणि ते मग हातात येऊन फार वेळ झालेलाही नव्हता. आपण तर तो सोफा आठ वर्षं वापरलेला असतो! म्हणून स्वतःला विचारूच नका. तीच वस्तू इतरांनी कितीला लावलीय ते बघा, पण महिनाभर पडून असलेल्या जाहिरातींची किंमत धरू नका, ती न विकल्या गेलेल्या वस्तूची किंमत आहे. ईबेसारख्या साइटवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, तो आकडा खरा. आणि आज नवीन कितीला मिळते तेही बघा, तुम्ही तेव्हा किती मोजले होते याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नाही. थोडी जागा घासाघिशीला ठेवा, पण मनातला शेवटचा आकडा आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी दारात संकोच होतो. आणि "किंमत इनबॉक्समध्ये" हे तर बंदच करा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं.

"लास्ट किती?" ला मी एकच उत्तर देते, "येऊन बघा, आवडलं तर समोरासमोर बोलू." ज्याला खरंच हवंय तो येतो. "माझ्यासाठी ठेवा, पुढच्या आठवड्यात नेतो" म्हणणाऱ्यांसाठी मी पूर्वी ठेवायचे, त्यातले बरेचसे आलेच नाहीत, मध्ये बाकीची गिऱ्हाइकं गेली. आता थोडे पैसे आधी दिले तर ठेवते, नाहीतर जो आधी येईल त्याचं.

फसवणारे ओळखायला फार हुशारी लागत नाही, ते घाईत असतात आणि वस्तूबद्दल काही विचारत नाहीत. मला एकाने बुकशेल्फसाठी मेसेज केला, न बघता पूर्ण किंमत कबूल, "माझा माणूस येऊन नेईल, पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा." मी म्हटलं पैसे मला यायचेत तर स्कॅन मी का करू, तर म्हणे नवीन सिस्टिम आहे मॅडम. पैसे घ्यायला पिन, ओटीपी किंवा पासवर्ड कधीच टाकावा लागत नाही, टाकायला सांगतोय म्हणजे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. तसंच "तुम्ही खरे आहात का बघायला एक कोड पाठवलाय, तो सांगा" म्हणणारा तुमच्या नंबरवर कुठेतरी अकाउंट उघडत असतो, किंवा तुमच्याच अकाउंटमध्ये घुसत असतो. "चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा" हाही जुनाच खेळ. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, स्वतःच्या बँक ॲपमध्ये जमा दिसले की मगच वस्तू हलवायची. आणि गप्पा त्या साइटच्या चॅटमध्येच ठेवा, उद्या तक्रार करायची वेळ आली तर तिथलंच बोलणं कामाला येतं.

लहान वस्तू असेल तर बाहेर, वर्दळीच्या जागी दिवसा भेटा. मोठी असेल तर घरी बोलवावंच लागतं, तेव्हा घरात अजून कोणीतरी असू द्या, वस्तू आधीच दाराजवळ आणून ठेवा म्हणजे अख्खं घर दाखवत फिरायला नको, आणि पत्ता जाहिरातीत नाही, येण्याच्या दिवशी द्या. विजेची वस्तू असेल तर प्लग लावून ठेवा, त्याला स्वतः चालू करून बघू द्या.

द्यायच्या आधीची कामं वस्तूनुसार बदलतात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, आतून कोरडा करा, आणि नेणाऱ्याला सांगा की शक्यतो उभाच न्या, आडवा न्यावा लागला तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ तरी उभा ठेवून मगच चालू करा, कारण आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपमध्ये जातं. वॉशिंग मशीनच्या पाइपात पाणी राहतं ते काढा, आणि फ्रंट लोड असेल तर ड्रम घट्ट धरणारे ट्रान्झिट बोल्ट शोधा, नवीन घेताना मागून काढून कुठेतरी ठेवलेले असतात. स्मार्ट टीव्ही, राउटर, टॅबलेट, यातून आधी आपलं अकाउंट काढायचं आणि मग फॅक्टरी रिसेट, नुसतं रिसेट केलं तर बऱ्याच टॅबलेटवर जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि रात्री अकरा वाजता तुम्हाला फोन येतो. फर्निचर सोडलं की स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी फर्निचरलाच टेपने चिकटवा. काही गोष्टी मात्र मी विकतच नाही, आपटलेलं हेल्मेट, वायर उघडी पडलेला हीटर, ढेकूण झालेली गादी. फुकटही देत नाही.

फुकटवरून आठवलं, अगदीच नको असलेली वस्तू "फ्री" म्हणून टाकली की पन्नास मेसेज येतात आणि न्यायला कोणी येत नाही, नाममात्र का होईना किंमत लावा, मग येतात. दोन आठवड्यांत एकही चौकशी नसेल तर पहिला फोटो बदला, तरी नाही तर किंमत कमी करा, तरी नाही तर जाहिरात काढून नव्याने टाका म्हणजे वर दिसते. शनिवार-रविवारच्या आधी टाकलेलं बरं पडतं, लोकांना बघायला यायला सुट्टी असते. आणि वस्तू गेली की त्याच दिवशी "सोल्ड" करा, मी ते टेबल चार दिवस तसंच ठेवलं होतं, अकरा जणांना नाही म्हणत बसले.