व्याख्यानमालेची तयारी आणि पोडियमवरचा दिवा

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे संयोजन माझ्याकडे होते आणि तिसऱ्या पुष्पाचा मी पुरता विचका केला, म्हणून यंदा ज्यांच्याकडे हे काम जाईल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवत आहे. खुर्च्या, सतरंज्या, पाणी आणि फलक सगळ्यांना सुचतात. पोडियमवरचा वाचनाचा दिवा कोणालाही सुचत नाही, तेव्हा यादीत तो सर्वांत वर लिहावा.

सुरुवात तारखांपासून करावी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मेमध्ये महिनाभर चालते. पण तालुक्याच्या गावी, तेही उघड्या पटांगणात, पाच दिवस श्रोते टिकले तरी पुष्कळ. जानेवारीचा दुसरा आठवडा बरा, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात आणि ज्या घरात परीक्षा असते तेथून कोणीही येत नाही. वक्त्यांना सहा महिने आधी पत्र पाठवावे आणि फोनवरच्या ‘बघू या’ला होकार समजू नये. ‘इतिहास’ किंवा ‘तत्त्वज्ञान’ असा मोघम विषय न घेता व्याख्यानाचे पूर्ण शीर्षक लेखी मागवावे, नाहीतर पत्रिकेत एक छापले जाते आणि वक्ते दुसऱ्याच विषयावर बोलतात. त्याच पत्रात दोन प्रश्न विचारावेत : आपण कागद पाहून बोलणार का, आणि पडद्यावर काही दाखवणार का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले तर दिवा लागणारच, आणि ‘नाही’ आले तरी तो ठेवावाच, कारण ऐनवेळी खिशातून टिपणे काढणारे वक्ते मी पाहिले आहेत.

हे इतक्या आग्रहाने का सांगतो, ते ऐकावे. तिसऱ्या दिवशीचे वक्ते पेशवाईतल्या पत्रव्यवहारावर बोलत होते. मोडी लिपीतल्या कागदांची छायाचित्रे पडद्यावर नीट दिसावीत म्हणून मीच पटांगणातले सगळे दिवे मालवायला सांगितले. छायाचित्रे उत्तम दिसली; वक्त्यांना मात्र स्वतःचे टिपण दिसेना. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, त्यामुळे पडद्याकडे पाहून ती धडाधड वाचता येत नाही. त्यांनी देवनागरीत उतरवून आणलेला मजकूर हातात होता आणि तोच अंधारात होता. पत्रातली तारीख होती ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन (त्या काळच्या कागदांवरची, अरबी अंकशब्दांत लिहायची कालगणना) ११७१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७०-७१. असली तारीख अंदाजाने म्हणता येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद प्रोजेक्टरच्या झोताकडे धरला, तेव्हा कागदाची सावली थेट पत्रावर पडली आणि मागच्या रांगेत हशा पिकला. मानव्यविद्यांच्या व्याख्यानात मूळ शब्द जसाच्या तसा वाचून दाखवणे हाच पुरावा असतो. तो गेला की उरतात नुसत्या गप्पा. उद्घाटनाला सरस्वतीपुढे पाच वातींची समई लावली होती, तिला वारा लागू नये म्हणून आडोसाही केला होता, आणि बोलणाऱ्या माणसापुढे साधा दिवा नव्हता.

तेव्हा मान वाकवता येणारा, चिमट्याने पोडियमला लावता येणारा, सेलवर चालणारा दिवा विकत घ्यावा. मांडववाल्याच्या भरवशावर राहू नये. तो ‘आहे’ म्हणतो आणि पिवळा बल्ब आणतो, ज्याचा उजेड कागदावर न पडता वक्त्याच्या डोळ्यांत जातो. सेलचा जादा संच पोडियमच्या खणात ठेवावा.

एक महिना आधी पोलीस ठाण्यातून ध्वनिवर्धकाची लेखी परवानगी घ्यावी. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंदच ठेवावा लागतो, म्हणून व्याख्यान साडेसहाला म्हणजे साडेसहालाच सुरू करावे. प्रत्येक पुष्प कोणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ प्रायोजित असते. त्या कुटुंबाला व्यासपीठावर जागा द्यावी, माईक देऊ नये. हे वाईट दिसते असे कोणी म्हटले तर माझे नाव सांगावे. परिचय करून देणाऱ्याला तीन मिनिटे आणि लिहून दिलेला मजकूर. जो वक्त्याची सगळी पुस्तके मोजत बसेल त्याला पुढच्या वर्षी आभाराचे काम द्यावे. ध्वनिमुद्रणाची आणि ते पुढे प्रसारित करण्याची संमती वक्त्यांकडून आधीच लेखी घ्यावी.

आदल्या दिवशी अंधार पडल्यावर, दुपारी नव्हे, रंगीत तालीम करावी. सगळे दिवे मालवावेत, प्रोजेक्टर लावावा, कोणीतरी पोडियमपाशी उभे राहून वर्तमानपत्रातला बारीक टाइप मोठ्याने वाचावा. वाचता आला नाही तर दिवा हलवावा आणि पुन्हा वाचावा. व्याख्यानाच्या दिवशी वक्ते आल्यावर चहाआधी त्यांना पोडियमपाशी नेऊन तो दिवा लावून दाखवावा.

बाकीचे थोडक्यात. इन्व्हर्टर भारित ठेवावा. हार नको, शाल, श्रीफळ आणि पुस्तक पुरे. मानधनाचे पाकीट आणि परतीचे तिकीट एकाच माणसाकडे असावे. प्रश्नोत्तरे पंधरा मिनिटे, तीही चिठ्ठ्यांवर. आभार दोन मिनिटे. हिशेब आठवड्यात. दिवा कपाटात ठेवताना सेल काढून ठेवावेत, नाहीतर वर्षभरात ते पाझरतात.