शेतात सोलर पॅनल: लीजवर सही करण्याआधी कराचे कागद कसे लावावेत

सांवेर, देपालपूर किंवा महूकडे वडिलोपार्जित शेती. वारसांपैकी एक रामबागेत, एक पुण्यात, तिसरा बंगळूरला. इंदूरच्या मराठी घरांत हे नवं नाही. अशा शेतासाठी सोलर कंपनीचा माणूस आला की सगळे भाड्यावर बोलतात. कराची आठवण होते तहसीलची नोटीस आल्यावर, आणि ती येते भूमिस्वामीच्या, म्हणजे नोंदीतल्या जमीनमालकाच्या नावाने. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ प्रमाणे महसुलाचा बोजा जमिनीवरच असतो. कंपनीने भरला नाही तर वसुली तुमच्याकडून.

आधी खसरा आणि बी-१ काढा. (पुण्याच्या भावाला ‘आपला सातबारा’ म्हणून सांगा, लगेच कळेल.) जमीन अजून आजोबांच्याच नावावर असेल तर नामांतरण आधी, कंपनी नंतर. भूमिस्वामी म्हणून जितकी नावं, तितक्या सह्या लीजवर घ्या. एक वर्षाहून जास्त मुदतीची लीज नोंदणीकृतच लागते, आणि सोलरची सहसा २५ वर्षांच्या आसपास असते.

मग सीमांकन करून नकाशावर दोन भाग पाडा: पॅनल, इन्व्हर्टरची खोली, आतला रस्ता आणि कुंपण एकीकडे, सोयाबीन-गव्हाची उरलेली जमीन दुसरीकडे. सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. कलम ५९ प्रमाणे महसूल जमिनीच्या वापरानुसार ठरतो. त्यामुळे जेवढा भाग बिगरशेती होणार, तेवढ्याचंच डायव्हर्शन, म्हणजे शेतीतून बिगरशेती वापरात बदल, करावं. ‘नंतर कटकट नको’ म्हणून अख्खा खसरा वळवायचा सल्ला देणारे भेटतील; ऐकू नका. मग जिथे गहू उभा आहे, त्या जमिनीचाही बिगरशेती महसूल दरवर्षी भरत बसाल.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर डायव्हर्शन सोपं झालं आहे. प्रीमियम (वापर बदलण्याचं शुल्क) आणि नव्याने ठरणारा महसूल स्वतः हिशेब करून भरायचा आणि अनुविभागीय अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एसडीएमला, तशी सूचना द्यायची. पावती जपा, तोच पुरावा. हिशेब चुकून कमी भरला तर फरक मागाहून निघतो, म्हणून क्षेत्रफळ अंदाजाने लिहू नका.

पॅनल उंच खांबांवर असतील आणि खाली खरंच पीक घेणार असाल, तर गिरदावरीत (पीक पाहणीच्या नोंदीत) ते पीक दर हंगामात चढतंय ना, हे पटवाऱ्याकडे जाऊन बघा. नोंद ‘पडीत’ अशी झाली की पुढे ‘शेती करतो’ म्हणणं जड जातं. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर योजनेच्या ‘अ’ घटकातही (५०० किलोवॉट ते २ मेगावॉट) शेतजमिनीवर अशी उंच मांडणी करून खाली पीक घेण्याची सोय आहे.

लीजमध्ये एक कलम स्पष्ट लिहून घ्या: डायव्हर्शनचा प्रीमियम, दरवर्षीचा महसूल, पुढे होणारी वाढ आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा कोणताही कर कंपनी भरेल, आणि चलानाची प्रत दरवर्षी तुम्हाला देईल. मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये काढून जमीन पुन्हा शेतीत आणायचा खर्च कुणाचा, हेही तिथेच ठरवा.

आता आयकर. पिकाचं उत्पन्न करमुक्त, पण सोलरचं भाडं शेतीचं उत्पन्न ठरत नाही. जमीन खसऱ्यात शेतीची असली तरी नाही. मोकळ्या जमिनीचं भाडं ‘इतर स्रोतांत’ जातं, म्हणून घरभाड्यावर मिळते तशी ३० टक्के सरसकट वजावट इथे मिळत नाही. समजा, पिकाचे २ लाख आणि भाड्याचे दीड लाख आले. दीड लाख इतर करपात्र उत्पन्नात मिळवा. ती बेरीज करमुक्त मर्यादेच्या वर गेली, तर पिकाचे २ लाखही दर ठरवण्यापुरते हिशेबात येतात, कारण शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आहे. एप्रिल २०२५ पासून महिन्याचं भाडं ५०,००० रुपयांच्या वर असेल तर १० टक्के टीडीएस कापला जातो. त्याहून कमी असल्याने कापला नाही, म्हणून कर नाही असं मात्र समजू नका.

भाडं वारसांमध्ये वाटलं जाणार असेल तर कंपनीला प्रत्येकाचं पॅन आणि हिस्सा लेखी द्या. सगळे पैसे एकाच्या खात्यात गेले की सबंध उत्पन्न त्याच्याच नावावर दिसतं, आणि दिवाळीला भाऊ भेटतात तेव्हा विषय तोच.