कॅप्स लॉकला कामाला लावायचे आहे? आधी एवढी तयारी करून घ्या

ए च्या अगदी बाजूला, करंगळीखाली, एवढी लांब की, आणि मराठीत कॅपिटल-स्मॉल प्रकारच नाही, म्हणजे दिवसभर मराठी टाइप करणाऱ्याला कॅप्स लॉकचा उपयोग शून्य, उलट चुकून लागले की पासवर्ड दोनदा चुकतो. आणि ही जागा काही तिच्या नावावर लिहून दिलेली नाही, १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर तिथे कंट्रोल होते, कॅप्स लॉक नंतर तिथे येऊन बसले. तेव्हा हलवायला, म्हणजे त्या कीला दुसरे काम द्यायला, काही हरकत नाही. फक्त घाई नको. आणि नागपुरात असाल तर हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर तर अजिबातच नको, तेव्हा टायपिंगचे, भाषांतराचे काम डोक्यावर असते आणि बोटांना नवीन सवय लागेपर्यंत स्पीड पडतेच. एखादा निवांत रविवार पाहा.

पहिले काम कागदावरचे. एक दिवस टेबलावर कागद ठेवा आणि दोन-दोन बोटांनी जे जे परत परत दाबता त्याच्यासमोर रेघ ओढत जा. कॉपी-पेस्ट सगळ्यांचेच असते, पण तुमच्या कागदावर वेगळेच काही निघू शकते. कोर्टाचे टायपिंग, डीटीपी, भाषांतर, असे अर्धे मराठी अर्धे इंग्रजी काम असेल तर जवळपास नक्की भाषा बदलायचे बटनच वर येईल, म्हणजे विंडोज अधिक स्पेस. मग कॅप्स लॉकला तेच द्या, आणि सध्या तेवढेच द्या. नेटवर एकेक जण चाळीस-चाळीस शॉर्टकट लावून बसलेले दिसतात, मला तर त्यातले अर्धे लक्षातच राहणार नाहीत.

भाषा बदलण्यासाठी वापरणार असाल तर त्याच्या आधीचे एक काम सगळे विसरतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा आणि कीबोर्डची यादी उघडून पाहा, बऱ्याच मशीनवर इंग्लिश इंडिया, इंग्लिश यूएस, हिंदी, मराठी अशी गर्दी असते, आणि विंडोज-स्पेस त्या सगळ्यांतून गोल फिरते. म्हणजे इंग्रजीतून मराठीत यायला तीनदा दाबा, मग पुढे गेले म्हणून परत दाबा. काहून ठेवायचे ते? एक इंग्रजी, एक मराठी ठेवा, बाकीचे काढून टाका. मराठीतही इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड ठेवू नका, जो हाताला बसला आहे तोच ठेवा. दोनच उरले की एक की दाबली की इकडे, परत दाबली की तिकडे, बस. सेटिंगमधल्याच टायपिंगच्या पानावर ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची टिक आहे, ती लावली तर वर्ड मराठीत राहते आणि ब्राउझर इंग्रजीत, मला तर ती कॅप्स लॉकपेक्षाही जास्त कामाची वाटते.

मग मशीन कोणाची आहे ते पाहा. ऑफिसची असेल तर आयटीवाल्याला विचारून घ्या, कारण की बदलून देणारी बरीच सॉफ्टवेअर कीबोर्डवर लक्ष ठेवूनच काम करतात आणि काही ठिकाणी ते चालत नाही. घरची असेल आणि पोट्टे त्यावर गेम खेळत असतील तर ऑटोहॉटकी (असेच एक सॉफ्टवेअर, पुढे येईल) सुरू असताना काही ऑनलाइन गेम कुरकुर करतात. आणि टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर परीक्षा होईपर्यंत काहीच बदलू नका राजे हो, सेंटरच्या मशीनवर कॅप्स लॉक कॅप्स लॉकच असणार.

आता साधन कोणते घ्यायचे. विंडोजवर पॉवरटॉइज सगळ्यात सोपे, मायक्रोसॉफ्टचेच आहे आणि फुकट आहे, त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये डावीकडे जुनी की, उजवीकडे नवी, झाले. पण ते मागे सुरू असेल तरच चालते, लॉगिनच्या स्क्रीनवर नाही, म्हणजे पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक जुन्यासारखेच वागते, तिथे घाबरू नका. शिवाय कॅप्स लॉक धरून सी, कॅप्स लॉक धरून व्ही असे त्यात सरळ होत नाही, कारण शॉर्टकटची सुरुवात कंट्रोल-शिफ्ट-अल्ट-विंडोजपैकीच कशाने तरी व्हावी लागते. ते पाहिजे असेल तर ऑटोहॉटकी. त्यात छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते पण काय वाट्टेल ते करता येते, तारीख टाकणे, “मा. न्यायालयाच्या निदर्शनास आणून देण्यात येते की” असे रोजचे लांबलचक वाक्य एका दाबात उमटवणे. स्क्रिप्टमध्ये मराठी असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी कचरा येतो. तिसरे शार्पकीज, ते रजिस्ट्रीतच, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातच, बदल करते, मागे काही चालू ठेवावे लागत नाही आणि लॉगिनच्या आधीपासून लागू होते, पण ॲडमिनचा पासवर्ड आणि रीस्टार्ट लागते, आणि एका कीच्या जागी एकच की देता येते, शॉर्टकट नाही.

कंट्रोल-शिफ्ट-अल्ट-विंडोज हे चारही मॉडिफायर एकत्र करून कॅप्स लॉकची हायपर की, म्हणजे चारही एकदम दाबणारी की, बनवायचा सल्ला कोणी दिला तर एक माहीत असू द्या, विंडोजमध्ये ते कॉम्बिनेशन मायक्रोसॉफ्टने आधीच ऑफिससाठी घेऊन ठेवले आहे, त्याच्यासोबत एल दाबले की लिंक्डइन उघडते. त्यापेक्षा एफ १३ ते एफ २४ घ्या, विंडोज या की ओळखते पण आपल्या कीबोर्डवर त्या नसतातच, म्हणून कोणाशी भांडण नाही.

मॅकवाल्यांना तयारी फारशी नाही, कीबोर्ड सेटिंगच्या इनपुट सोर्समध्ये कॅप्स लॉकने भाषा बदलायचा पर्याय आहेच. लिनक्सवर तो ग्नोम ट्वीक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

खरे कॅपिटल कधी लागते तेही आधीच ठरवा. सीएच्या ऑफिसात पॅन आणि आयएफएससी टाकत बसणारा माणूस असेल, किंवा गाड्यांचे एमएच ३१, एमएच ४९ भरणारा असेल, तर त्याला कॅप्स लॉक हवेच. मग ते स्क्रोल लॉकवर पाठवा, तसेही स्क्रोल लॉक एक्सेलमध्ये बाणांच्या कीज बिघडवण्यापलीकडे आता फारसे काही करत नाही. लॅपटॉपवर बहुतेक स्क्रोल लॉक दिसतच नाही, तिथे मेन्यू की पाहा, किंवा २०२४ पासूनच्या नव्या लॅपटॉपवर उजवीकडे कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची, की आली आहे ती. एफएन कीच्या नादी लागू नका, ती बहुतेक कीबोर्डच्या आतच हाताळली जाते, विंडोजपर्यंत पोचतच नाही.

आणि बदल लावायच्या अगदी आधी कॅप्स लॉकचा दिवा बंद आहे ना ते पाहून घ्या, चालू असताना की बदलली तर सगळे कॅपिटलमध्ये अडकते आणि बंद करायला बटनच उरत नाही, मग स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडून तिथून बंद करावे लागते.

शार्पकीज वापरणार असाल तर परत कसे फिरायचे ते कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा: शार्पकीज उघडा, ओळ डिलीट करा, राइट टू रजिस्ट्री दाबा, रीस्टार्ट. घरात तीच मशीन अजून कोणी वापरत असेल तर त्यालाही हा कागद दाखवून ठेवा.