डोटा २: एकटं खेळताना कॅरी कोण घ्यायचा

डोटा २ हा पाच विरुद्ध पाच असा संगणकावरचा खेळ. प्रत्येक जण एक हिरो घेतो, आणि जो सोनं जमवून, आयटम विकत घेऊन शेवटी मॅच जिंकून देतो, तो कॅरी. माझा मामेभाऊ कळव्याला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत आमच्याकडे ऐरोलीला आला तेव्हा आरतीच्या आधीच मला बाल्कनीत घेऊन गेला आणि म्हणाला, "ताई, स्पेक्टर घेऊन सलग अकरा मॅच हरलो. मला टीमच बेकार मिळते." मी त्याच्या फोनवर त्या अकराही मॅच एकेक करून उघडल्या. त्यातल्या सात पस्तिसाव्या मिनिटाच्या आत संपल्या होत्या. म्हणजे स्पेक्टरचे आयटम होऊन ती लढायला लायक होण्याआधीच यांचा एन्शंट (तळावरची मुख्य इमारत, ती पडली की मॅच संपते) पडलेला. टीमने चुका केल्या असतीलच. पण ज्या हिरोला इतका वेळ सांभाळावं लागतं, तो चार अनोळखी माणसांच्या भरवशावर घेणं ही चूक त्याची होती. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्याला जे समजावलं, तेच इथे नीट लिहिते आहे.

मी घणसोलीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. शटर साडेदहाला पडतं, घरी येऊन जेवून सव्वाअकराला बसते. रात्रीत दोन मॅच, शनिवारी तीन. माईक मी लावत नाही. बाईचा आवाज ऐकला की पहिली पाच मिनिटं मॅच बाजूला राहते आणि भलतंच सुरू होतं, ते मला नको असतं. त्यामुळे मला असा कॅरी लागतो ज्याला कुणाकडे काही मागावं लागत नाही. या एका अटीवर हिरो निवडत मी दोन वर्षांत क्रुसेडरवरून एन्शंट रँकला आले (ही खेळाडूंच्या पातळ्यांची नावं, त्या इमारतीशी संबंध नाही).

ही अट मला आधीपासून सुचली होती असं नाही. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली, भारतात डोटाची एवढी मोठी स्पर्धा मी पहिल्यांदाच बघितली. दादाबरोबर ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर आणि पुढे टॅक्सी असे गेलो होतो. अंतिम सामन्यात मिनेस्कीने कीन गेमिंगला हरवलं आणि परत येताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत आम्ही फक्त हिरोंबद्दल बोलत होतो. घरी आल्यावर मी मोठे खेळाडू खेळतात तसा अँटी-मेज खेळायला घेतला. दोन महिने घेतला. एक मॅच मला अजून आठवते: अडतिसावं मिनिट, माझ्याकडे बॅटल फ्युरी, मॅन्टा असे महागडे आयटम, सगळं होतं, आणि आमच्या दोन लेनचे (तळाकडे येणाऱ्या वाटांचे) बॅरॅक्स, म्हणजे तळातल्या इमारती, पडलेले होते. मी जंगलात क्रीप (खेळ स्वतः चालवतो ते छोटे प्राणी, सैनिक) मारत असताना बाकीचे चौघं पाचांशी लढून मरत राहिले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की थोडा वेळ लढू नका. व्यावसायिक टीममध्ये ते सांगणारा माणूस असतो. स्टेजवरच्या त्या काचेच्या खोलीत पाच जण सतत एकमेकांशी बोलत असतात, आणि त्यांचा कॅरी त्या बोलण्यावर उभा असतो. आपण हिरो उचलतो, ते बोलणं काही आपल्याबरोबर येत नाही.

म्हणून निवडताना मी तीन गोष्टी बघते.

पहिली, लेन हरली तर पोट कसं भरणार. लेनमध्ये दर ३० सेकंदांनी क्रीपची लाट येते, बहुतेक लाटांत चार क्रीप. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत ८० च्या आसपास. त्यातले ५० लास्ट हिट, म्हणजे सोनं देणारे शेवटचे वार, मिळाले की मी खूश असते. पण सोलो रँक्डमध्ये (एकट्याने खेळलेल्या, रँक ठरवणाऱ्या मॅचमध्ये) सपोर्ट, म्हणजे कॅरीला सांभाळणारा खेळाडू, तिसऱ्या मिनिटाला मिडला (मधल्या लेनला) निघून जातो आणि समोर दोघं उभे राहतात, असं दर दोन-तीन मॅचमागे होतंच. तेव्हा हिरोला जंगलात जाऊन जगता आलं पाहिजे. जंगलातले कॅम्प (क्रीपचे अड्डे) दर मिनिटाच्या ठोक्याला भरतात, ते रिकामे करण्याची ताकद त्याच्यात पाचव्या-सहाव्या लेव्हललाच हवी.

दुसरी, पकडला गेला तर सुटका त्याच्या स्वतःच्या हातात आहे का. सपोर्ट वाचवायला येईल असं धरून चालू नका. आला तर आनंद.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक तिच्याकडे बघतच नाहीत: मारामारी जिंकल्यावर हा हिरो काय पाडू शकतो. डोटात किलने मॅच संपत नाही, एन्शंट पडल्यावर संपते. समोरचे तीन मेले की तुमच्या हातात मोजून अर्धा-पाऊण मिनिट असतं. त्या वेळात जो एकटा टॉवर पाडतो किंवा रोशान (नकाशावरचा मोठा राक्षस) मारतो, तो खरा सोलो कॅरी. चार जणांना "चला, टॉवरवर या" म्हणून पिंग (नकाशावर खूण) करत बसलात तर तोवर मेलेले परत उभे राहतात. किल वीस आणि टॉवर दोन असा हिशेब घेऊन हरलेले कितीतरी लोक मी बघितलेत.

या तिन्हींत बसणारा आणि नव्या माणसाला मी डोळे मिटून सांगते तो म्हणजे जगरनॉट. ब्लेड फ्युरी ही त्याची ताकद चालू असताना तो गरगर फिरतो, त्यावेळी जादूचा मारा त्याला फारसा लागत नाही आणि फिरता फिरता टीपीही (तळावर परत नेणारं स्क्रोल) मारता येतो. तीन जण अंगावर आले की आधी फिरायला लागायचं, लगेच टीपी दाबायचा आणि फाऊंटनला (आपल्या तळावर) पोचायचं. यात कुणाची मदत लागत नाही. हीलिंग वॉर्ड (जवळच्यांचं आयुष्य भरणारी त्याची छोटी वस्तू) हा त्याचा स्वतःचा सपोर्ट. सपोर्टने हील दिलं नाही, लेनमध्ये आयुष्य अर्ध्यावर आलं, तर वॉर्ड लावून झाडामागे उभं राहायचं आणि परत लेनला यायचं. घरी जाऊन येण्यात जी लाट बुडते ती वाचते. टॉवर पाडतानाही टीमच्या मागे वॉर्ड ठेवला तर चौघांना न सांगता ते तुमच्याजवळ गोळा होतात, कारण आयुष्य भरतंय हे त्यांना दिसतं. माईक न लावणाऱ्याला याहून चांगली हाक नाही. ओम्नीस्लॅश या त्याच्या सगळ्यात मोठ्या वाराबद्दल एकच सांगते: क्रीपच्या गर्दीत मारू नका. वार वाटले जातात आणि ज्याला मारायचं तो हसत निघून जातो. समोर कुणी घोस्ट सेप्टर (थोडा वेळ वार लागू न देणारा आयटम) वापरला असेल तर तो संपेपर्यंत हात आवरा.

दुसरा रेथ किंग. हात अजून बसले नसतील, कामावरून थकून आला असाल, तर हाच. एक स्टन (समोरच्याला जागीच गोठवणारा मारा), एक मरून परत उठणं, आणि बाकी सरळ मारत राहायचं. रीइन्कार्नेशनमुळे पकडले गेलात तरी एक संधी शिल्लक राहते. माझ्या हिशेबाने हीच त्याची सुटका. बटणं थोडी, त्यामुळे नकाशाकडे बघायला डोळे मोकळे राहतात, आणि माझी अर्धी प्रगती या मोकळ्या डोळ्यांमुळे झाली. फक्त समोर अँटी-मेज दिसला तर विचार करा. तो मना (हिरोच्या ताकदी वापरायला लागणारं इंधन) जाळतो आणि मना नसेल तर परत उठणं विसरा.

उर्सा मी तेव्हा घेते जेव्हा समोर पळणारे, लांबून मारणारे हिरो कमी असतात. एकाच शत्रूवर मारत राहिलं की उर्साचा प्रत्येक पुढचा वार जास्त लागतो, आणि रोशान तर मार खाताना पळत नाही. लाइफस्टीलचा (मारताना आयुष्य परत देणारा) एखादा स्वस्त आयटम घेतला की पहिला रोशान एकट्याने मारता येतो. रोशानकडून मिळणारी एजिस (मेल्यावर एकदा परत उठवणारी ढाल) पाच मिनिटं टिकते, म्हणजे ती उचलायची आणि लगेच टॉवरकडे निघायचं. एजिस घेऊन जंगलात फार्म करत बसणारे लोक बघितले की जीव तळमळतो. रोशान परत यायला ८ ते ११ मिनिटं लागतात, म्हणून मेल्याची वेळ चॅटमध्ये टाकून ठेवा. तेवढं टाइप करायला माईक लागत नाही.

लाइफस्टीलरही चांगला, विशेषतः समोर जाडजूड हिरो असतील तर. जंगलात त्याला कुणाची गरज पडत नाही.

आता जे एकट्याने घेऊ नयेत ते. स्पेक्टर आणि मेडुसा तयार व्हायला वेळ मागतात, आणि तो वेळ टीमने मिळवून द्यावा लागतो. ड्रो रेंजर टॉवर भराभर पाडते हे खरं, पण शत्रू जवळ आला की तिची मुख्य ताकदच बंद पडते. तिच्यापुढे कुणीतरी उभं राहावं लागतं आणि ते कुणी राहील याची हमी नाही. स्नायपरला पळायला जवळजवळ काहीच नाही. फेसलेस व्हॉइडचा क्रोनोस्फिअर बघायला फार सुंदर, पण आत अडकलेल्यांना बाहेरून मारणारे हवेत. दोन वेळा तर मी स्वतःचेच दोघं आत अडकवले आणि मॅच तिथेच गेली. मीपो, ब्रूडमदर, लोन ड्रुइड हे ज्यांना जमतात ते एकट्याने मॅच ओढतात. पण एका वेळी तीन-चार ठिकाणी हात चालवायला शेकडो तासांची सवय लागते, रात्री अकराला बसणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

हिरो तीनच ठेवा. एक नेहमीचा, एक तो बॅन झाला (त्या मॅचपुरता बंद केला गेला) तर, आणि एक समोरची जोडी वाईट असेल तेव्हाचा. माझे जगरनॉट, रेथ किंग, उर्सा. पॅच (खेळातले नवे बदल) आला की लोक याद्या बदलतात, यूट्यूबवर रोज नवीन "सर्वात भारी कॅरी" येतो. मी पॅचच्या नोंदीत माझ्या तीन हिरोंपुरतं वाचते. आकडे थोडे कमी झाले म्हणून पन्नास मॅचचा सराव फेकून द्यायचा नसतो. त्यापेक्षा मोठा फरक तुम्हाला त्या हिरोचं मरण किती वेळा टाळता येतं याने पडतो.

ड्राफ्टमध्ये (हिरो निवडताना) घाई करू नका. रँक्ड ऑल पिकमध्ये निवड टप्प्याटप्प्याने होते, शेवटच्या टप्प्यात दोन्हीकडून एकेकच हिरो राहतो. कॅरीने तिथे घ्यावा, म्हणजे समोरचे चार दिसलेले असतात. सपोर्टला आधी घेऊ द्या. बॅनची जागा तुम्हाला ज्याचा राग आहे त्याच्यावर वाया घालवू नका, तुमच्या हिरोला जो अडवतो त्याच्यासाठी वापरा. मी रेथ किंगच्या मूडमध्ये असेन तर अँटी-मेज, उर्साच्या असेन तर व्हेनोमॅन्सर, कारण त्याच्या विषाने पाय जड होतात आणि उर्सा कुणापर्यंत पोचतच नाही.

निवड झाल्यावरही थोडं स्वतःच्या हातात घ्यावं लागतं. ऑब्झर्व्हर वॉर्डला सोनं लागत नाही, फक्त साठा मर्यादित असतो. सपोर्टने लावला नाही म्हणून चॅटमध्ये भांडण्यापेक्षा, ज्या जंगलात फार्म करणार तिथे एक स्वतः लावा. सहा मिनिटं कोण येतंय ते दिसतं. टीपी कायम खिशात. बीकेबी (थोडा वेळ जादूपासून वाचवणारा आयटम) घ्या, पण उगाच दाबू नका, प्रत्येक वापराने तिची वेळ कमी होत जाते. आणि बायबॅकचं, म्हणजे मेल्यावर लगेच परत उठायचं, सोनं तिसाव्या मिनिटानंतर बाजूला ठेवा. एकदा वापरला की आठ मिनिटं परत मिळत नाही, त्यामुळे तो बॅरॅक्स वाचवायला किंवा पाडायला, रागाच्या भरात नाही.

ज्यांनी नुकतंच सुरू केलंय त्यांना रँक्डसाठी आधी १०० तास खेळावं लागतं. ते तास शंभर हिरोंवर उधळू नका. तीस-चाळीस तास सगळं चाखून बघा, उरलेले एकाच कॅरीवर घाला. रँक्ड उघडेल तेव्हा तुमचा हात तयार असेल.

मामेभावाने जगरनॉट घेतला आहे. पहिल्या चार मॅचमधल्या दोन जिंकल्या, पण त्याचा रीप्ले बघितला तर हीलिंग वॉर्ड लावल्यावर तो जागेवरच सोडून देतो, आणि समोरचा एका फटक्यात मोडतो. वॉर्ड चालवता येतो हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला मी आता वॉर्ड चालवण्यासाठी कीबोर्डवर वेगळी की लावून दिली आहे आणि रविवारी तो येईल तेव्हा डेमोमध्ये (एकट्याने सराव करायच्या मोडमध्ये) अर्धा तास फक्त वॉर्ड आपल्या मागे मागे फिरवायचा, एवढंच करणार आहोत.